झाकणाआडचा माणूस

"झाकण लावलं की मेला, असंच समजतात लोक... हात लावण्याआधी विचारावं तरी..."

कुणीतरी टेबलाखाली पुटपुटत होतं, आणि तेही अगदी तिच्या पायांशी. तिने दचकून खुर्ची मागे घेतली. खालून आधी एक हात आला, हातात तिचाच चार्जर. मग विस्कटलेले केस, आणि मग भुवईवर धूळ माखलेला एक अनोळखी चेहरा.

"हा तुमचा?"

"हो. का?"

"तो लावायला तुम्ही माझा काढलात."

"तुमचा लॅपटॉप बंद होता!"

"झाकण बंद होतं. लॅपटॉप चालू होता." त्याने लॅपटॉपला जोडलेल्या शेजारच्या मोठ्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. स्क्रीनवर आता नुसता काळोख. "बॅटरी गेलीये त्याची. वायर काढली की खलास. सकाळपासून एक हत्ती रंगवत होतो... गेला."

मुलांची पुस्तकं काढणाऱ्या त्या ऑफिसात तो नवा चित्रकार, ती जुनी संपादक. चूक आपली आहे हे तिला लगेच कळलं, आणि म्हणूनच तिचा पारा चढला. ऑफिसात तिला 'मिरची' म्हणत. तोंडावर नव्हे; जीव कुणाला प्यारा नसतो?

"मग पाटी लावायची!" मिरची कडाडली.

दुसऱ्या दिवशी झाकणावर पाटी आली, चित्रासकट. झोपलेला हत्ती, एक डोळा किलकिला. खाली लिहिलेलं— 'जागा आहे. छेडू नये.' तिने ओठ घट्ट दाबले. हसली असती, तर कालचं भांडण फुकट गेलं असतं.

टेबलं समोरासमोर. त्याची स्क्रीन एका कडेला, आणि मधे तो परातीएवढा लॅपटॉप आडवा पडलेला. त्यामुळे तिने मान वर केली, की समोर तो... दातात पेन धरून तिच्याचकडे बघणारा.

"काय बघताय?"

"हत्तीचे डोळे रागावलेले काढायचेत. नमुना शोधत होतो."

"म्हणजे मी हत्ती?"

"डोळ्यांपुरतं म्हणतोय हो—"

झालं! मिरची तरातरा साहेबांच्या खोलीत गेली. समोरचे गृहस्थ टक लावून बघतात, माझं कामात लक्ष लागत नाही, असं ठणकावून सांगून आली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फक्त त्यांचा तिने लावलेला अर्थ चुकीचा होता.

सोमवारी ती आली, तर समोर भिंत. मोठी स्क्रीन गायब. लॅपटॉपचं झाकण ताठ उघडलेलं, आणि त्यामागून केसांचा एक शेंडा दिसतोय... बस, तेवढाच. झाकणावरचा हत्ती मात्र किलकिल्या डोळ्याने दिवसभर तिच्याकडे बघत राहिला.

तिला राग आला. प्रिंटरचा आला, पंख्याचा आला, एका गरीब ससोबाच्या गोष्टीतले सगळे स्वल्पविराम तिने खोडून टाकले.

"किती आपटतेस गं?" शेजारी हिशेब बघणाऱ्या मावशी म्हणाल्या. "ते स्टेपलर ऑफिसचं आहे."

"मग काय करू, मावशी? माणूस समोर बसतो आणि दिसत... आणि बोलतसुद्धा नाही! ही काय रीत झाली?"

मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. "तक्रार तूच केलीस ना? उद्यापासून वरच्या मजल्यावर बसणार आहे तो. जागा स्वतःच मागून घेतली. तुला त्रास नको म्हणून."

मिरची उठली. टेबलाला वळसा घालून थेट त्याच्यापुढे उभी राहिली. तो वायर गुंडाळत होता.

"वर कशाला जाताय?"

"तुम्हाला त्रास होत होता."

"होत होता! आता जास्त होतोय!"

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले. मावशी कॅल्क्युलेटरवर उगाचच शून्यं दाबत राहिल्या.

"मी तर बघतही नाही आता," तो हळूच म्हणाला. "अजून काय करू?"

"ते झाकण लावा आधी!"

"अहो, मोठी स्क्रीन काढलीये. आता लावलं तर खरंच झोपेल तो."

"झोपू दे!"

"पण का?"

तिचे कान लाल झाले, आवाज चिरकला, पण ती ओरडलीच—

"कारण मला तुम्ही दिसत नाही!"