बर्फ मऊ पडायच्या आत

"माफ करा... या लादीला जरा टोचून बघू का?"

वैशाखातली सकाळ, धुळ्यातला आमचा बर्फाचा कारखाना आणि दारात चष्मा पुसत उभा असलेला एक उंच तरुण. बर्फ विकत घ्यायला लोक येतात, टोचायला कोणी येत नाही.

"विकत घेतलीत की हवी तेवढी टोचा," मी म्हटलं.

त्यानं खरंच एक लादी घेतली. सावलीत गोणपाटावर ठेवली आणि थोड्या थोड्या वेळानं तिच्यात खिळा टोचत बसला. आमचे जुने कामगार भटूआबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, हाऊ पोऱ्या बरा शे ना? बरफनी नाडी देखी ऱ्हायना." बर्फाची नाडी बघणारा माणूस मीही पहिल्यांदाच पाहत होते.

नाव लीलाधर. चाळीसगावच्या शाळेत भूगोल शिकवायचा. पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून चालायचं, घसरायचं — ते स्की करणं तो हिमालयात शिकून आला होता. आता सुट्टीत दोन मित्रांबरोबर हिमनदीवरून एका शिखरावर जायचं होतं. कधी निघायचं, कधी मागं फिरायचं, एवढंच ठरत नव्हतं.

"पण तिथला बर्फ वेगळा असणार ना?"

"अगदी वेगळा," तो हसला. "पण धुळ्यात दुसरा कुठला मिळणार?"

मग तो रोजच सकाळच्या पॅसेंजरनं येऊ लागला. लादी एकच घ्यायचा. बसायचा मात्र दोन लाद्या वितळतील इतका वेळ.

एकदा त्यानं लादीवर खिळ्यानं डोंगर काढून दाखवला. "रात्री बर्फ गोठून कडक होतो, म्हणून अंधारातच चढायचं. ऊन तापलं की तो मऊ पडतो, खोल भेगांवरचे बर्फाचे पूल खचतात. लवकर उतरलो तर काच, उशीर झाला तर चिखल... मधला थोडासा वेळ आपला."

"तो कधी संपतो?"

"ते शिखरावर पोचल्यावर बघू."

"लग्नाला बर्फ पाठवायचा तर अण्णा, माझे वडील, आधी पंगतीची वेळ विचारायचे. मग तिथून मागं मोजत गाडी सोडायचे. तुम्ही भेगा ओलांडून तंबूत कधी परतायला हवं?"

"सकाळी दहाच्या आत. उतरायला तासभर लागतो."

"मग कुठंही असा, नऊला मागं फिरायचं."

"शिखर समोर असलं तरी?"

"तरी."

तो हसला. मला हसता येईना. "अण्णा पौषात असेच 'आलोच' म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून या खुर्चीवर मी बसते. तशी वाट मला पुन्हा बघायची नाही."

बोलून गेले आणि कान तापले.

"म्हणजे..." तो खिळ्याकडे बघत म्हणाला, "वाट बघणार आहात?"

"लादी वितळतेय तुमची."

निघायच्या आदल्या दिवशी तो फक्त एवढंच म्हणाला — "नऊला फिरेन." या वेळी हसला नाही.

पुढचे दिवस मी गिऱ्हाइकांवर उगाच खेकसत होते. मग एका दुपारी भटूआबांनी दारातून हाक दिली, "ताई, भूगोल उना!"

चेहरा रापून काळा झालेला, गॉगलपुरती डोळ्यांभोवती गोरी वर्तुळं. मला हसूच फुटलं.

"शिखर?" मी विचारलं.

"समोर होतं. वारा नाही, ढग नाही... आणि नऊ वाजले."

"वाईट वाटलं?"

"फार. मित्र तर चाळीसगाव येईपर्यंत माझ्याशी बोलत नव्हते."

मी गार पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला.

"पुढच्या वर्षी तासभर आधी निघ," मी म्हटलं.

"पुन्हा जाऊ देशील?"

"परत येतोस, हे कळलं ना आता."

तो काहीतरी बोलायला गेला, अडखळला, चष्मा काढून उगाच पुसू लागला. "कुंदा, मी... म्हणजे तुझ्या घरी..."

"आई घरीच आहे," मी खुर्ची मागं सारली. "चल."