बरणीतली पानं का मिटली?

"मिटली! परत मिटली!" तिखटनं बरणी बाकावर आदळली. "कोण शिंकलं? कोणी हात लावला?"

"मी नाही!" पिटुकलीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मीही नाही. पण मला एक शंका आहे—"

"तुझी शंका खिशात ठेव, शंक्या! चार वेळा झालं हे. चार वेळा!"

तिखटचा राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर असायचा, म्हणून तिला तिखट म्हणत. वय वर्षं तेरा. पिटुकली तिची धाकटी बहीण, आणि सुट्टीसाठी दोन गल्ल्या पलीकडून मुक्कामाला आलेला शंक्या हा मावसभाऊ. तो दर वाक्यात एक तरी शंका काढायचा. रविवारी वाचनालयात मुलांचं विज्ञान प्रदर्शन होतं, आणि तिघं विद्युतदर्शी बनवत होते. जॅमची रिकामी बरणी, झाकणातून खाली सोडलेली तांब्याची तार आणि तारेच्या टोकाला चमकत्या पन्नीची दोन पानं. प्लास्टिकची पट्टी केसांवर घासून तारेला टेकवली, की दोन्ही पानांवर एकसारखा विद्युतभार येतो आणि ती एकमेकांपासून फाकतात. मावशीच्या घरी ती अर्धा तास फाकून राहिली होती. इथं, सायकलवाल्या आजोबांच्या दुकानात, सात मिनिटांत मान टाकत होती!

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढं पंक्चरची घमेली, वर टांगलेल्या ट्यूबा, मागच्या भिंतीशी लाकडी बाक. पक्कड, तार, चिकटपट्टी सगळं तिथं मिळायचं आणि आजोबा कधी नाही म्हणायचे नाहीत. आताही ते जमिनीवर बसून एक वाकडा दांडा ठोकून सरळ करत होते.

"अगं, एवढी कशाला चिडतेस? पन्नीच ती," आजोबा म्हणाले.

"पन्नीवर नाही चिडले मी!" तिखट म्हणाली.

ती कशावर चिडली होती ते सगळ्यांना माहीत होतं. बारा दिवसांपूर्वी कागद गिरणीनं तिच्या बाबांना घरी बसवलं होतं. बाबा तिथं लगद्याच्या टाक्या सांभाळायचे. एक जुनी टाकी मोडून भंगारात गेली, तेव्हा बाबांनी विचारलं, "टाकीला लावलेला मापक कुठं आहे?" मॅनेजर म्हणाले, भांडारात आहे. बाबा म्हणाले, दाखवा. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, पाचव्यांदा म्हणाले तेव्हा मॅनेजरांनी त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली: अफवा पसरवल्याबद्दल कामावरून दूर. तेव्हापासून बाबा खिडकीशी बसून असत. गल्लीतली माणसं "काय, सुट्टी वाटतं?" असं विचारून हसत. आणि तिखटच्या तळपायाची आग मस्तकाला जाई.

"शंका सांगू का आता?" शंक्यानं हळूच विचारलं. "बरणी तीच, पन्नी तीच, पट्टी तीच. मग बदलली ती फक्त जागा. दोष जागेचा असेल तर?"

तिखट त्याच्याकडे वळली. "हे आधी का नाही बोललास?"

"तू बोलू दिलंस कधी!"

संध्याकाळी मावशीला गाठलं. शंक्याची आई, म्हणजे या दोघींची मावशी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. तिनं टेबलावर एक लिंबू ठेवलं आणि भोवती मोहरीचे दाणे पसरले.

"हे लिंबू म्हणजे अणूचं केंद्रक. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. बाहेर हे इलेक्ट्रॉन. प्रोटॉन धन, इलेक्ट्रॉन ऋण, दोघांची संख्या सारखीच, म्हणून अणू उदासीन. आता कोणी टपली मारून एक इलेक्ट्रॉन उडवला, तर?" तिनं एक मोहरी टिचकीनं उडवली. ती शंक्याच्या कानावर बसली.

"तर अणूवर धनभार उरेल. आयन!" तिखट म्हणाली. "आणि तो उडालेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणाला चिकटला, तर त्याचा ऋण आयन."

"शाब्बास. हवेत असे आयन झाले, की ते तुमच्या पानांवरचा भार पळवतात. भार संपला, पानं मिटली."

"पण टपली मारतं कोण?" शंक्यानं विचारलं.

"दमट हवा असली तरी भार गळतो. पण आयन करायचे तर जवळ ज्योत हवी, नाहीतर..." मावशी थांबली. "बाकाजवळ स्टोव्ह आहे?"

"नाही."

"ओल?"

"ट्यूबा कडक वाळतात तिथं!"

मावशीचा चेहरा बदलला. "उद्या फक्त एकदा जा. बरणी बाकावर ठेवा आणि दाराबाहेर येऊन थांबा. सात मिनिटांनी आत जाऊन बघा आणि लगेच बाहेर या. मग तशीच दाराशी ठेवून बघा."

सकाळी बाकावरची पानं सात मिनिटांत मिटली. दाराशी वीस मिनिटं झाली तरी फाकलेलीच!

"म्हणजे कारण मागेच आहे. बाकासमोर," तिखट म्हणाली. "आजोबा, बाकासमोर काय काय आहे?"

"काय असणार? मी आणि माझी ऐरण."

आजोबांची ऐरण म्हणजे राखाडी रंगाचा एक ठोकळा, छोट्या कळशीएवढा. पिटुकली रोज त्यावर बसून पाय हलवायची.

"भंगारवाल्याकडनं आणली महिन्यापूर्वी," आजोबा कौतुकानं म्हणाले. "दिसायला एवढीशी, पण दोघांना उचलेना! एक दांडा मधे मधे यायचा, तो वाकवून तोडूनच टाकला. आता झकास काम होतं. फक्त ही बोटं जरा लाल झालीत. खाज सुटते."

एवढंसं आणि एवढं जड! तिखटनं दारातूनच निरखून पाहिलं. हातोडीच्या घावांनी राखाडी रंगाचा एक टवका उडाला होता. खाली पिवळा रंग होता. पिवळ्यावर काळं, पंख्याच्या तीन पात्यांसारखं काहीतरी.

ते चिन्ह तिनं पाहिलं होतं! बाबांनी गिरणी दाखवायला नेलं होतं, तेव्हा टाकीवर, धोक्याची खूण म्हणून.

"आजोबा, बाहेर या! आत्ताच्या आत्ता! पिटुकले, तू सुद्धा! शंक्या, फोनवरनं मोठा करून फोटो काढ, पण दारातूनच. एक पाऊल आत टाकलंस तर बघ!"

"अगं, माझं हे ठोकायचं अर्धं—"

"आजोबा!!"

आवाजच असा होता, की आजोबा हातोडी टाकून निमूट बाहेर आले.

फोन गेल्याबरोबर बाबा धावत आले, पायात चपलाही नव्हत्या. फोटो पाहिला आणि ते त्यातला एकेक भाग बोटानं दाखवू लागले.

"हाच. टाकीच्या एका बाजूला हा असायचा. याच्यातून किरण निघतात, टाकी ओलांडून पलीकडे जातात, त्यावरून लगदा किती भरलाय ते कळतं. आत शिशाचं जाड कवच आहे, म्हणून एवढा जड. कवचाला एक झडप. दांडा फिरवला की झडप उघडते."

"आणि आजोबांनी दांडा वाकवला," शंक्या म्हणाला. "म्हणजे झडप उघडी, तोंड बाकाकडे. पण काका, आत आहे तरी काय?"

"सीझियम. साधा सीझियमचा अणू घेतलास तर त्यात पंचावन्न प्रोटॉन, अठ्ठ्याहत्तर न्यूट्रॉन. बेरीज एकशे तेहेतीस. तो गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. यातल्या अणूतही प्रोटॉन पंचावन्नच, म्हणून नावही सीझियमच. पण न्यूट्रॉन ब्याऐंशी. सीझियम एकशे सदतीस. दोघं एकमेकांचे समस्थानिक. फक्त याच्या केंद्रकाला स्वस्थता नाही. अशी एकेक केंद्रकं बदलत जातात आणि किरण सोडतात. तेच किरण हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात."

"पण पिवळी पाटी कशी दिसली नाही कोणाला?" तिखटनं विचारलं.

बाबांचे ओठ घट्ट मिटले. "मोठे साहेब भेटीला येणार होते. मॅनेजर म्हणाले, सगळं एका रंगात चकाचक दिसलं पाहिजे. रंगाऱ्यांनी टाकी रंगवली, मापक रंगवला, धोक्याची पाटीसुद्धा रंगवली. मग टाकी मोडणाऱ्यांना तो दिसला नुसता लोखंडाचा गोळा!"

तिखटनं मुठी वळल्या. पिटुकली त्या गोळ्यावर बसायची! वरच्या बाजूला शिसं होतं म्हणून वाचली, एवढंच! चकाचक दिसावं म्हणून!

शंक्यानं कळवताच मावशीनं किरणोत्सर्गाच्या सरकारी कार्यालयाला फोन केला. पथक निघालं, पण पोचायला दोन तास. किरण बाकामागच्या भिंतीतून पलीकडे जात असणार, म्हणून बाबांनी दुकानामागचं पडकं आवार पाहून घेतलं. तिथं कोणी नव्हतं. मग गिरणीलाही कळवलं.

गिरणीची माणसं वीस मिनिटांत हजर! मॅनेजर पुढं, काखेत लाल नोंदवही. मागे हातगाडी घेऊन दोन हमाल.

"काय तमाशा लावलाय? चला रे, उचला ते लोखंड!"

"हात लावायचा नाही!" तिखट दारात आडवी उभी राहिली. हमाल जागीच थबकले.

"ए मुली, बाजूला हो."

"तुम्ही कशासाठी नेताय? तुमचं आहे का ते?"

गल्ली गोळा झाली होती. मॅनेजरांनी रुमालानं मान पुसली. "आमचं कसं असेल? आमचा मापक भांडारात आहे. हे आपलं... भंगार. लोकांना उगाच भीती नको, म्हणून नेतोय."

"खोटं!" तिखट ओरडली. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"खोटं?" मॅनेजरांनी वही उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "मापक क्रमांक चारशे सतरा. प्रत्यक्ष तपासला. जागेवर आहे. खाली माझी सही! तुझे वडील काही म्हणोत."

"परत वाचाल का?" शंक्या एकदम गरीब आवाजात म्हणाला. "कितवा क्रमांक?"

"चारशे सतरा! कानात बोळे आहेत का?"

"नाही. एक शंका होती." शंक्यानं फोन उंच धरला. "या भंगारावर ठशानं उठवलेला आकडा आहे. रंग दिला तरी तो झाकला गेला नाही. वाचा ना. चार. एक. सात."

पुढच्याच क्षणी सगळे एकदम बोलायला लागले.

"नजरचुकीनं... या महिन्यात जरा..." मॅनेजर वही मिटू लागले. पण पिटुकलीचं नाक वहीच्या उंचीलाच होतं. नुकती वाचायला शिकलेली ती, दिसेल ते मोठ्यानं वाचायची.

"ताई, पुढच्या महिन्याचीपण सही आहे! त्याच्या पुढच्याचीपण! सगळीकडे 'प्रत्यक्ष तपासला'!"

"साहेब," बाबा पहिल्यांदाच बोलले, अगदी हळू, "वर्षभराच्या सह्या एका बैठकीत ठोकल्यात तुम्ही?"

गल्लीतल्या लोकांनी मॅनेजरांना वहीसकट तिथंच अडवून ठेवलं. हमालांनी गाडी वळवली आणि त्यातला एक जाता जाता म्हणाला, "आम्हाला उघड्या हातांनी उचलायला लावत होतात होय?"

पथक आलं. किर्र किर्र वाजणारं यंत्र घेऊन त्यांनी दोरी बांधली, लांब चिमट्यांनी झडप बसवली आणि मापक जाड शिशाच्या पेटीत ठेवला. वहीही ताब्यात घेतली. मुलांच्या अंगात किती किरण गेले असतील याचा हिशेब केला आणि काळजी नाही म्हणून सांगितलं. आजोबांच्या बोटांना मात्र बरं व्हायला वेळ लागणार होता. त्यांना तपासायला दवाखान्यात नेलं.

"ओळखलंत कसं?" पथकाच्या प्रमुख बाईंनी विचारलं. तिखटनं बरणी पुढं केली.

बाईंनी ती हातात फिरवून पाहिली. "शाबास! तुमच्या बरणीनं सांगितलं ते गिरणीच्या वहीनं दडवलं. आणखी महिनाभर कळलं नसतं, तर या म्हाताऱ्या गृहस्थांचा हात गेला असता."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिखटला मात्र हसू आलं नाही. "शाबासकी आम्हाला कशाला?" ती म्हणाली. "बाबा पाच वेळा बोलले होते. पाच वेळा! तेव्हा कोणी ऐकलं? मॅडम, ते तुमच्या कागदावर लिहा."

बाईंनी पेन काढलं आणि तिच्यासमोरच लिहिलं. पाच वेळा.

आठवडा संपायच्या आत मॅनेजर गेले आणि बाबा गिरणीत परत आले. पहिल्याच दिवशी त्यांनी हातात पिवळ्या रंगाचा डबा घेतला आणि उरलेल्या तिन्ही मापकांच्या पाट्या स्वतः रंगवल्या. कोपरापर्यंत पिवळे होऊनच ते घरी आले.

रविवारी प्रदर्शन आटोपलं तशी तिघं बरणी घेऊन सायकलच्या दुकानात गेली. आजोबांच्या हाताला पट्टी होती, पण दुकान उघडं होतं. शेजारी नवी, खरीखुरी ऐरण होती. तिखटनं बरणी त्याच बाकावर ठेवली, पट्टी केसांवर घासली आणि तारेला टेकवली. पानं फाकली.

"सात मिनिटं झाली," शंक्या म्हणाला.

बाबा कामावरून येता येता दारात थांबले. पंधरा मिनिटं झाली. वीस. पानं तशीच फाकलेली.

"अर्धा तास!" पिटुकली ओरडली आणि नव्या ऐरणीवर चढून बसली. यावेळी तिला कोणी उठवलं नाही. इतके दिवस रागानं डोळे कोरडे ठेवलेली तिखट बाबांच्या पिवळ्या हाताला धरून एकदम रडायला लागली.