रेघ नसलेला नट

नट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची, अर्धी नटावर, अर्धी खालच्या पत्र्यावर. नट सैल झाला तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. माझ्या गॅरेजमध्ये वीस वर्षं हाच नियम आहे. सैल नटावर रेघ मारणं म्हणजे खोटी सही करणं, असं मी मानतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जे बिघडतं त्याला कारण असतं, आणि शोधलं तर ते हाताला लागतं.

दादाचा ट्रक चढावर दम टाकायचा. टाकीतलं डिझेल ओढून घेताना त्यात हवा शिरायची आणि इंजिन अडखळायचं. म्हणून आम्ही विजेवर चालणारा पंप बाहेरून मागवला. तो टाकीजवळ चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसतो. त्याच्याबरोबर दोन फिल्टर असतात, आणि डिझेलमध्ये अडकलेली हवा वेगळ्या नळीने टाकीत परत जाते. काम फार अवघड नाही, पण माझे हात सकाळपासून जड झाले होते. दादा माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आणि ट्रक चालवून यानंच मला वाढवलं, हे गॅरेजही यानंच काढून दिलं. त्याच्या गाडीत चूक राहिली तर मी कोणाला तोंड दाखवणार?

तो मात्र दारापाशी स्टुलावर चहा पीत टोमणे मारत होता. दुपारी त्याला माल भरून दोन दिवसांच्या वाटेला लागायचं होतं. एवढ्या वेळात मी अख्खा ट्रक घडवला असता, म्हणाला. मी म्हटलं, तू आधी घोरणं कमी कर, मग माझ्या कामाला नावं ठेव. दादा घोरायला लागला की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात, असं वहिनी सांगते.

अकराच्या सुमाराला सगळं जोडून झालं. टाकी आणि पंप यांच्यामध्ये मी तपासणीपुरती पारदर्शक नळी लावली होती. इंजिन सुरू केलं. सुरुवातीला बुडबुडे येतातच, दोन-चार मिनिटांत थांबतात.

हे थांबेनात. एक बुडबुडा, मग रिकामी जागा, मग पुन्हा एक. गळतीची हवा कधी अशी शिस्तीत येत नाही. मी एकेक जोड चाचपत गेलो आणि टाकीवरच्या नटापाशी थांबलो. तो किंचित सैल होता. पाना लावून पाव फेरा आवळला. नळी स्वच्छ झाली. मला हायसं वाटलं आणि मी रंगाचा ब्रश उचलला.

मागे स्टूल पडलं.

दादा उभा होता. एक हात छातीवर, तोंड उघडं, आवाज नाही. मी पाठीवर थापा मारल्या, कॉलर सैल केली. त्याचे ओठ काळेनिळे पडत चालले. त्याला रिक्षात घालायचं म्हणून धावत जाऊन मी इंजिन बंद केलं, आणि त्याच क्षणी त्यानं मोठ्यानं श्वास ओढला.

"ठसका लागला रे," तो डोळे पुसत म्हणाला.

चहाचा कप केव्हाचा रिकामा होता.

इंजिन बंद होताच त्याला श्वास आला होता. नट पाव फेरा सैल केला आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. बुडबुडे परतले. मी नळीकडे पाहिलं, मग दादाच्या छातीकडे, मग पुन्हा नळीकडे.

"दादा, जरा श्वास रोखून धर."

"आता डॉक्टर झालास का?" असं म्हणत त्यानं गंमत म्हणून गाल फुगवले.

नळीत बुडबुडा आला नाही. मी मनात वीसपर्यंत मोजलं.

"सोड."

बुडबुडा आला.

मी त्याला ट्रक इथेच ठेव म्हणून विनवलं. माझ्या डोक्यात धूर गेलाय, असं तो म्हणाला. खरं कारण सांगायला माझी जीभ रेटेना. मग खोटं सांगितलं. त्या नटाचे आटे झिजलेत, कोणी हात लावला तर तुटेल. ट्रकनं थोडं कमी ओढलं तरी चालेल, पण त्या नटाला कोणाला शिवू देऊ नकोस. "बरं, मालक," तो हसला.

पारदर्शक नळी काढून मी काळी रबरी नळी बसवली. सात नटांवर रेघा मारल्या. आठव्यावर ब्रश नेला आणि मागे घेतला. तो सैल होता. वीस वर्षांची सवय, हात धजला नाही. फिल्टरवर नेहमीप्रमाणे माझ्या फोन नंबरचं स्टिकर चिकटवलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दर दोन तासांनी फोन केला. शेवटी दादा वैतागला. बायकोसुद्धा इतकी चौकशी करत नाही, म्हणाला.

दुपारी साडेतीनला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"उस्ताद, मी वाटेवरचा मिस्त्री. स्टिकरवर नंबर दिसला. तुमचे दादा आलेत. गाडी चढावर ओढत नाही, जरा बघ म्हणाले आणि केबिनमध्ये आडवे झाले. काम सुबक केलंय हां तुम्ही. एकच नट राहिला होता बघा. बाकी सगळ्यांवर रेघ, त्याच्यावर नाही. लगेच सापडला. आवळून टाकला, तुमच्यासारखी रेघपण मारली."

"इंजिन बंद करा," मी म्हणालो. "आधी इंजिन बंद करा. दादाला उठवा."

"झोपू द्या हो त्यांना. मघाशी इतके घोरत होते की इथे रेडिओ ऐकू येईना. आता कसे शांत झोपलेत."

त्याच्या मागे इंजिन चालू होतं. एकदाही अडखळत नव्हतं.