मोकळी बाजू

लाइट गेली तर जाऊ द्या. ते मोबाइल बंद करा आधी, डोळ्यांवर उजेड येऊन राहिला. अन् मधी कोणी बोलायचं न्हाई.

पुसेगावचा हनुमान, मेंढरंवाला, माझ्या भाच्याचा दोस्त. खोटं बोलणं त्याला जमतच न्हाई. सहा वर्षं झाली, कोजागिरीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. चांदणं लख्ख, अमावस्या-फिमावस्या काही न्हाई. त्याची शिवकन्या तीन वर्षांची, तापानं फणफणलेली. हा मोटारसायकलवर एकटाच हिंगोलीला गेला अन् औषध घेऊन साडेदहाला निघाला.

ओढ्याच्या पुलाजवळ ब्रेकर लागला. गाडी हळू केली, पुन्हा पळवली. डोक्यात पोरीचा ताप, दुसरं काही न्हाई. जरा वेळानं मांड्या दुखायला लागल्या म्हणून खाली बघतो, तर हा टाकीला चिकटून बसलेला. मागं कोणी बसायला लागलं की आपण पुढं सरकतो ना, तसा.

कधी सरकला? ठाऊक न्हाई. कोणासाठी?

अंगाला आधी कळतं, पोरांनो. डोक्याला मागून. सगळा रस्ता मोकळा, सीट मोकळी... पण मागं सरकायची हिंमत झाली न्हाई. मागं बघायची तर न्हाईच.

घरी आला. दारात त्याची बायको सीमा तांब्या घेऊन उभी. रातच्याला बाहेरून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायची आपली रीत. तिनं याच्या पायावर घातलं. मग थोडी बाजूला झाली... अन् उरलेलं मोकळ्या जागी घातलं. सावकाश.

"तिकडं काहून वतलं?"

ती तांब्याकडं बघत राहिली. "मला... न्हाई कळलं."

मग हनुमान आत पळाला. आपणच कोणाला तरी घरात आणलं, पोरीपर्यंत आणलं, ही भीती. शिवकन्या बाजेवर झोपलेली. कपाळाला हात लावला. गार. ताप उतरलेला, औषधाआधीच. गडी रडला.

तेवढ्यात पोरगी हलली. झोपेतच. भिंतीकडं सरकली...

आता नऊ वर्षांची झाली. बाज तिची एकटीची, पण काठावरच झोपते. सीमा रोज मधोमध ओढते. सकाळी पुन्हा भिंतीशी. पोरीला विचारलं काहून, तर म्हणती, न्हाई ठाऊक.

मागल्या महिन्यात ती बाज मीच कसून दिली. झोपणाऱ्याच्या वजनानं सुतळी ढिली पडते ना. भिंतीकडची सुतळी ताठ होती. ढिली पडली होती ती... मोकळ्या बाजूची.