चहाच्या वेळचे ठोके

खराब झालेला हृदयाचा स्नायू आता कुणी गोळ्या घेऊन सांभाळत बसत नाही. मिरजेच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्याच पेशी बशीत वाढवून नवा स्नायू करतात आणि हृदयावर ठिगळासारखा शिवतात. त्याला सगळे ‘पेरस्नायू’ म्हणतात. निवृत्त एसटी ड्रायव्हर गजानन चौगुल्यांच्या छातीत तो होता. तो ज्यांनी वाढवला, त्या डॉ. वासंती हेर्लेकरांपुढे त्यांनी आज पेढ्यांचा पुडा ठेवला.

“शेजारच्या मालनबाई रोज दुपारी चहा घिऊन येत्यात. त्या यायच्या टायमाला काळीज नुसतं उड्या मारतंय! मधी त्या लेकीकडं गेल्या, तरी त्याच टायमाला उड्या. म्हनलं, लगीनच करू. त्या हो म्हनाल्या.”

“अरे वा! अभिनंदन!”

“पन झोप उडालीया, डॉक्टरीणबाई. माझी बायकू सुमन, देवाघरी गेली. तिच्यासंगट सगळा जल्म काढला. तिच्या वक्ताला असं कधीच झालं न्हाई. म्हंजे तिच्यावर माझा जीवच नव्हता का वो?”

हेर्लेकरबाईंनी यंत्रावर चौगुल्यांच्या ठोक्यांचा आलेख पाहिला आणि त्यांना कारण उमगले. प्रत्येक पेशीत एक घड्याळ असते आणि ते खाण्याच्या वेळेवर लागते. बशीतल्या स्नायूला पोषकद्रव त्या स्वतः घालत, आपला दुपारचा चहा आला की लगेच, म्हणजे विसरायला नको. पेशींनी ती वेळ पाठ केली होती आणि छातीत गेल्यावरही त्याच वेळी त्या भुकेने उड्या मारत होत्या. आता गप्प बसावे तर सुमनबाईंचा संसार खोटा ठरत होता, आणि बोलावे तर हे लग्न मोडणार होते. शेवटी त्यांनी सगळे सांगून टाकले.

“म्हंजे हे प्रेम न्हाई, भूक हाय?”

“ठोक्यांपुरतं बोलायचं तर, हो.”

“मग सुमनवर जीव होता?”

“ते यंत्राला कळत नाही, चौगुले.”

“मग कळतंय तरी काय त्याला?”

दार उघडेच होते. बाहेर बाकावर बसलेल्या मालनबाईंनी सगळे ऐकले होते. थर्मास हातात घेऊन त्या आत आल्या.

“ह्यांचं तुमच्यामुळं धडधडतंय, मान्य. पन मला कुठं ठिगळ हाय? ह्याच टायमाला माझं बी धडधडतंय. ते कुनी शिकवलं?”

हेर्लेकरबाईंना उत्तर ठाऊक होते. रोज त्याच वेळी त्याच दारात उभे राहिले की न पेरलेले काळीजही ती वेळ शिकते. मग ह्या धडधडीलाही नुसती सवयच म्हणायचे? आणि सवय वजा केली तर मागे काय उरते? त्यांनी दोघांकडे पाहिले. चौगुल्यांचा हात छातीवर गेला होता. मालनबाईंचाही. चहाची वेळ झाली होती.