स्टिअरिंगवरचा लाल धागा

गाडीखालून तिला आधी बूट दिसले. पांढरेशुभ्र, गॅरेजच्या फरशीवर अगदी पाहुण्यासारखे अवघडून उभे. मग बुटांच्या वर एक चेहरा उलटा लोंबला आणि म्हणाला, "माफ करा हं... डावीकडून पुन्हा वास येतोय."

"पुन्हा?" ती सरपटत बाहेर आली. "जळका?"

"हो... म्हणजे, जळकट."

तिकडून तिच्या वडिलांनी, आबांनी, हाळी दिली, "आला का गं तुझा वासवाला?"

महिन्याभरातली ही चौथी खेप. वासवाला म्हणजे दातांचा डॉक्टर. घर टेकडीखाली, दवाखाना टेकडीवर. गाडी मोठ्या भावाने दूरदेशी जाताना ह्याच्या गळ्यात घातलेली. दिसायला चार दारांची, शहाण्या सुनेसारखी सोज्वळ. पण पाय दाबला की उधळलीच म्हणून समजा! असली गाडी रोज तो उतार उतरायची तर ब्रेक तापायचेच, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर मऊ पडतात. म्हणून तिनं पुढच्या बंपरखाली दोन झरोके बसवले होते, उजवीकडे एक, डावीकडे एक. झरोक्यातून वारा शिरायचा, नळीतून धावत जायचा आणि चाकामागच्या ब्रेकच्या तापल्या चकतीवर फुंकर घालायचा.

ब्रेकचं हे तिचं पहिलं काम, जिथं कागदावर तिची एकटीची सही होती. तीस वर्षं तिथं आबांची सही असायची. "ब्रेकच्या कागदावर सही म्हणजे जिवाची हमी, बारके," आबा म्हणाले होते, आणि पेन तिच्या हाती दिलं होतं.

आणि आता हा वास! पॅड पाहिले, चकत्या पाहिल्या, तापमान मोजलं. डावी-उजवीत एका अंशाचा फरक नाही. रोग सापडेना आणि रोगी दारातून हलेना. आबांना तो हट्टी गिऱ्हाईक वाटायचा. तिला मात्र नवलच वाटायचं... गाडीचं. बरं, थोडं त्याचंही.

"आज मी वाराच बघणार आहे," ती म्हणाली.

"वारा दिसतो?"

"बघणाऱ्याला दिसतो."

तिनं खणातून लाल लोकरीचा गुंडा काढला. वीतभर धागे कापून ती झरोक्यांच्या कडेनं चिकटवू लागली. तोही गुडघ्यांवर बसला, पांढऱ्या पँटची पर्वा न करता.

"हिला मिशा फुटल्या," तो म्हणाला.

"तुम्ही तोंडात काय काय घालता माणसांच्या, आम्ही हसतो का?"

"हसता येत नाही. तोंड उघडं असतं ना."

तिनं ओठ दाबले, पण डोळ्यांनी चहाडी केलीच. मोठा पंखा समोर आणून तिनं बटण दाबलं. धागे थरथरले, आणि मग सगळेच्या सगळे आत वळले. ती काम करताना गुणगुणायची, तशी नकळत गुणगुणली—

*पुढच्या दारानं, वारा गं आला आत*
*सांग माझे बाई, कुणाची बघे वाट*

"कुणाची?" त्यानं विचारलं.

"चकतीची," ती घाईनं म्हणाली. "हात लावा इथं, चाकामागे. येतोय वारा?"

त्यानं हात पुढे केला. तिचा तिथं होताच. गार झुळूक दोघांच्या बोटांवरून वाहत राहिली... कुणीच हात काढला नाही.

वारा तर छान येत होता. मग वास कसला?

तिची नजर गुंड्यावर गेली आणि तिथंच थबकली. हा गुंडा नुसता लोकरीचा नव्हता, गॅरेजचा नियम होता. काम करताना नळीत धातूचा कीस जाऊ नये म्हणून चिंधी कोंबायची, आणि कोंबली की लगेच स्टिअरिंगला लाल धागा बांधायचा. धागा आहे म्हणजे आत काहीतरी राहिलंय. गाडी हलवायची नाही. झरोके बसवले त्या दिवशी चिंधी हाताशी नव्हती. तिनं गळ्यातला निळ्या ठिपक्यांचा रुमालच डाव्या झरोक्यात कोंबला होता. आणि धागा...?

महिनाभर तो रुमाल सापडत नव्हता. दोरीवरून उडाला असेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली. "आत काही राहिलं की स्टिअरिंगला लाल धागा बांधायचा, हा आमचा नियम मी मोडला; तुमची गाडी मी रुमाल आत ठेवूनच दिली होती. पण आता तो आत नाही. मग गेला कुठे?"

तो उठला, गाडीचा कप्पा उघडला आणि एक पाकीट तिच्यापुढे धरलं. आत इस्त्री केलेला निळ्या ठिपक्यांचा रुमाल. एक कोपरा करपलेला.

"पहिल्याच दिवशी," तो म्हणाला. "उतारावर वास आला, गाडी थांबवली, बॅटरी मारली, तर हा वाऱ्यानं नळीतून पार चकतीपाशी गेलेला; लांब चिमट्यानं ओढून काढला. आमचं रोजचंच काम."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगायलाच आलो होतो. तर तुमचे आबा एका गिऱ्हाइकाला कागद दाखवत होते. 'ही सही माझ्या लेकीची.' माझी जीभच उचलेना. आणि नंतर..."

"नंतर काय?"

"वास नाही म्हटलं, तर यायचं कशाच्या निमित्तानं?"

तिचे कान तापले. "ब्रेकबद्दल खोटं? मी महिनाभर डोकं फोडतेय! उद्या खरंच वास आला तर मी कशावर विश्वास ठेवू?"

त्यानं मान खाली घातली. "चुकलंच. मोठी चूक." मग हळूच, "मीही एकदा एका आजोबांच्या गालात कापसाचा बोळा विसरलो होतो. दोन दिवस ते 'भाजीला चव नाही' म्हणून सुनेवर चिडत होते."

तिला हसायचं नव्हतं. तरी हसू आलं.

"घ्या हा," तो म्हणाला. "कुणाला कळणार नाही."

तिनं करपलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "मला कळलंय की," म्हणाली, आणि सरळ आबांच्या टेबलाशी गेली.

सगळं सांगून झालं तेव्हा आबांनी चष्मा काढला. "धागा?"

"बांधला नाही."

"का?"

"दोन मिनिटांचं तर काम, म्हटलं."

आबांनी रुमाल उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी तो कागद काढला आणि तिच्या सहीखाली आपली सही केली. "वर्षभर असंच. तुझ्याखाली माझी." तिनं मान हलवली, डोळे भरून आले होते. "आणि लपवलं असतंस ना, तर पेन कायमचं गेलं असतं," आबा म्हणाले. आवाज जरा ओलावला होता. "जा आता. त्या वासवाल्याला सांग, नाक बरं झालं असेल तर गाडी हलव. जागा अडतेय."

ती बाहेर आली. तो गाडीला टेकून उभा होता. काचेतून तिला स्टिअरिंग दिसलं. त्यावर लाल धागा, टाका घालतात तशी नीटस गाठ मारलेला.

"हे कुणी बांधलं?"

"नियम आहे ना तुमचा."

"आता काय राहिलंय आत? रुमाल तर दिलात."

"सांगायचं राहिलंय." त्यानं घसा खाकरला. दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणारा माणूस, स्वतःचं उघडताना घामाघूम झाला. "तुम्ही आवडता मला. हे खोटं नाही. वाटल्यास... तपासून घ्या."

ती दार उघडून आत वाकली. धागा सोडणार, असं त्याला वाटलं, आणि त्याचा चेहरा उतरला. तिनं गुंड्यातून आणखी एक धागा तोडला आणि त्याच्या गाठीशेजारी आपली गाठ मारली.

"तपासायला वेळ लागतो," ती म्हणाली. "आज टेकडीवर चालत जा. मी येते... वळणापर्यंत."

"कुठल्या वळणापर्यंत?"

"ते चालताना ठरवू."

आतून आबांचा आवाज आला, "हलली का गं गाडी?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि महिन्यात पहिल्यांदाच मोकळं हसून ओरडली, "नाही आबा... आत काहीतरी राहिलंय!"