डॉमिनीच्या गावातल्या लेकीसुना

सिंगापुरात वन-नॉर्थ भागातल्या त्या काचेच्या ऑफिसात मीटिंग रूमबाहेर एक बाक आहे. चांगल्या कामासाठी त्यावर बसायची वेळ सहसा कुणावर येत नाही. ऋता तिथे येऊन टेकली तेव्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला आधीच एकजण बसला होता. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि त्याच्या छत्रीतून ठिबकणारं पाणी तो बुटाच्या टोकानं गुपचूप कार्पेटमध्ये जिरवत होता.

"काय घोळ घालून ठेवलाय मी, देव जाणे..." ऋता स्वतःशीच पुटपुटली.

"मीसुद्धा," शेजारून आवाज आला. चक्क मराठीत!

तिनं दचकून पाहिलं. उंच, किडकिडीत, चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच. तो हसला आणि तिला उगाचच आपला ओला कुर्ता ठीकठाक करावासा वाटला.

"निहार. मुलुंड."

"ऋता. पुणे..." एवढं होतंय तोवर दार उघडलं आणि आयरीन तान यांनी दोघांनाही एकदमच आत बोलावलं.

आयरीन म्हणजे त्यांच्या प्रोजेक्टच्या प्रमुख. प्रोजेक्ट मोठा मजेशीर होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी वेसेल हुकस्ट्रा नावाचा एक डच पाद्री आपल्या गावची माणसं घेऊन अमेरिकेत गेला आणि तिथे एका तळ्याकाठी जंगल तोडून त्यानं निउवेलांड नावाची वस्ती वसवली. पाद्र्याला डच लोक डॉमिनी म्हणतात. या डॉमिनीनं रोजनिशी लिहिली, चर्चची दफ्तरं ठेवली, मागे राहिलेल्या बायकोला, सित्स्केला, पत्रं लिहिली. तो सगळा पसारा त्या गावच्या संग्रहालयानं फोटो काढून सिंगापूरला पाठवला होता. त्याचं वेडंवाकडं अक्षर वाचून कम्प्युटरवर उतरवायचं आणि नाव येईल तिथे कोण कुणाचं कोण ते नोंदवायचं, हे काम या कंपनीकडे होतं.

कामाची रीत अशी की प्रत्येक पान दोन माणसांनी वाचायचं. वाचक अ आणि वाचक ब. दोघांनी एकमेकांना ओळखायचं नाही, विचारायचं नाही. दोघांचं वाचन जुळलं तर ते बरोबर. जिथे जुळत नाही तेवढ्या ओळी शेजारी शेजारी दिसतात आणि मग आयरीन निवाडा करतात.

ऋता वाचक अ होती. आधीच्या नोकरीत दोन वर्षं आइंडहोवनला काढली, तिथल्या लांबच लांब संध्याकाळी खायला उठायच्या म्हणून डच शिकली, आणि ते डच तिला इथे घेऊन आलं. संध्याकाळी मात्र इथेही तशाच निघाल्या. आंग मो किओला भाड्याची खोली, खाली हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचं आवार, तिथे एकटीसाठी एक प्लेट. अवनी नावाची एक जिवाभावाची मैत्रीण होती, तीही काँट्रॅक्ट संपल्यावर पुण्याला परतली. इथे माणसं येतात आणि जातात, तेव्हा फार जीव लावायचा नाही, असं ऋतानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पण गंमत अशी की तिला सोबत होती, आणि ती वाचक ब ची. न जुळलेल्या ओळींमध्ये तो तिला रोज भेटायचा. शाई फुटलेल्या जागी ऋता अंदाजानं काहीतरी लिहून मोकळी व्हायची. ब मात्र प्रामाणिकपणे लिहायचा, 'डाग. वाचता येत नाही.' कोण असेल हा सज्जन माणूस, असं म्हणत ती कित्येकदा एकटीच हसली होती.

"अमेरिकेहून मेल आलाय," आयरीन म्हणाल्या. त्या मधूनच 'लाह' जोडणाऱ्या खास सिंगापुरी इंग्रजीत बोलत होत्या आणि प्रत्येक वाक्य टेबलावर आपटत होत्या. "ते म्हणतात, तुम्ही आमच्या गावातल्या सगळ्या बायकांची लग्नं त्यांच्या वडिलांशी लावून दिलीत."

"काय?" दोघं एकदम म्हणाले.

"गेर्ट्ये क्लास हुइस्मा. क्लास कोण?"

"नवरा," ऋता म्हणाली.

"नवरा," निहार म्हणाला.

"बाप, लाह! क्लास तिचा बाप! तिकडे बाई लग्न करो, म्हातारी होवो, नाव बापाचंच लावते. एकानं चूक केली तर मी समजू शकते. पण दोघांनी? पानोपानी, तीच्या तीच? मग कोणी कोणाचं कॉपी केलं, सांगा."

ऋतानं निहारकडे पाहिलं, निहारनं ऋताकडे. आणि दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला.

"आमच्याकडे," ऋता चाचरत म्हणाली, "बाईचं लग्न झालं ना, की मधलं नाव..."

"...नवऱ्याचं येतं," निहारनं पुरं केलं. "सरसकट. आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही."

आयरीननी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांचा राग हळूहळू ओसरला. "दोन वाचक हवे होते, आणि माझ्या नशिबी एकाच गावचे आले! ठीक आहे. दुरुस्ती करा. आणि आता एकमेकांना पाहिलंय, तर नियम नीट ऐका. पानांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. दर तिमाहीला मी विचारते तसं पुढेही विचारणार, दुसऱ्या वाचकाशी तुमचं काही नातं, काही मैत्री आहे का? 'हो' आलं, की एकजण प्रोजेक्टबाहेर."

बाहेर आल्यावर लिफ्टपाशी निहार हळूच म्हणाला, "म्हणजे डागाखालचंसुद्धा धडाधड वाचून टाकणाऱ्या त्या तुम्हीच!"

"आणि डाग दिसला की हात टेकणारे ते तुम्ही!"

"जे दिसत नाही ते कसं लिहू?"

"थोडं धाडस करावं माणसानं."

"धाडस..." त्यानं चष्मा पुसला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. "प्रयत्न करतो."

लिफ्ट आली आणि गेली. दोघांच्या ते लक्षातच आलं नाही.

आता पानांबद्दल बोलायचं नाही म्हटल्यावर दोघं बाकी सगळ्याबद्दल बोलायला लागले. जेवायच्या सुट्टीत बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये समोरासमोर बसायचं. तो तिच्या ताटातला काकडीचा तुकडा न विचारता उचलायचा, ती त्याच्या कॉफीचा पहिला घोट घ्यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंसुद्धा नाही. पावसाची चाहूल लागली की एमआरटी रेल्वेच्या स्टेशनपर्यंत एकाच छत्रीतून जायचे, आणि छत्री त्याची असूनही ओला व्हायचा तो त्याचाच खांदा.

मात्र डॉमिनी दोघांच्या ओठांवर येऊन अडकायचा. सित्स्के आपल्या म्हाताऱ्या आईला सोडून निउवेलांडला येईल का, या एका प्रश्नानं दोघांनाही पछाडलं होतं. डॉमिनी जळणाबद्दल लिहायचा, हिवतापाबद्दल लिहायचा, छप्पर कसं घातलं ते सविस्तर कळवायचा, पण 'ये' असं एकदासुद्धा लिहायचा नाही. ऋता रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्यावर चिडायची. हे ज्याला सांगावं असा सबंध सिंगापुरात एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच सांगायची बंदी होती.

एका रविवारी दोघं बोटीनं पुलाउ उबीन बेटावर गेले. भाड्याच्या सायकली घेतल्या, लाल मातीच्या वाटेनं खूप हिंडले. परतताना अचानक सर आली म्हणून कंपाँगातल्या, म्हणजे मलय वाडीतल्या, एका जुन्या घराच्या पत्र्याखाली उभे राहिले. पत्र्यावर ताशा वाजावा तसा पाऊस वाजत होता. ऋताच्या कपाळावरची ओली बट निहारनं एका बोटानं बाजूला केली, आणि तो हात परत न्यायचं विसरला.

"सित्स्के येईल का रे?" ती न राहवून बोलून गेली.

"आयरीन!" त्यानं घाबरून दोन्ही कानांवर हात ठेवले. दोघं पोट धरून हसले. मग हसू थांबलं.

"ऋता... मला तुला एक..."

"बोट सुटेल," ती घाईघाईनं म्हणाली.

उबीनच्या बोटीला वेळापत्रक नसतं. माणसं भरली की सुटते, ती गेली की दुसरी लागते. हे त्याला माहीत होतं आणि तिलाही. तो सायकलीकडे वळला. धक्क्यापर्यंतच्या सगळ्या वाटेवर ऋतानं आपली सायकल त्याच्या मागेच ठेवली. तिला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण हाही एक दिवस सामान बांधून गेला तर? अवनी गेली तेव्हा ती महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. पुन्हा तसं झालं तर आपल्याला झेपणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात तिमाही संपली. आयरीननी आधी ऋताला बोलावलं.

"दुसऱ्या वाचकाशी काही नातं? मैत्री?"

"नाही," ऋता म्हणाली. "तोंडओळख आहे. तेवढीच."

इतकं सोपं खोटं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी निहार जेवायला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन करावा तर काय म्हणून करावा? तोंडओळखीच्या माणसाला कुणी असं, 'कुठे आहेस' विचारायला फोन करतं? तिनं एकटीनं जेवून घेतलं. ताटातली काकडी तशीच राहिली.

मग न जुळलेल्या ओळी समोर आल्या. शाई फुटलेल्या एका जागी वाचक ब नं अंदाजानं शब्द ठोकून दिला होता. पुढच्या डागावरही तसाच. हा तो नव्हता. तिनं उगाच पान वरखाली केलं, पण त्यात तो कुठेच नव्हता.

ती तडक आयरीनच्या खोलीत गेली. "वाचक ब बदलला?"

"आंग मो किओच्या युनिटला गेला. जुने नकाशे स्कॅन करतोय. स्वतःच मागून घेतलं."

"का?"

आयरीननी पेन खाली ठेवलं. "मी तुला विचारलं तेच त्याला विचारलं. तो म्हणाला, मैत्री नाही, त्याहून जास्त आहे, निदान माझ्याकडून. मी म्हटलं, पण ती तर म्हणाली, तोंडओळख." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "मी सांगायला नको होतं बहुतेक. त्याचा चेहरा एवढासा झाला, लाह."

त्या दुपारी ऋतानं एकच पान वाचलं. डॉमिनीच्या रोजनिशीतलं, शरद ऋतूतलं. ते वाचून झालं तशी ती उठली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एमआरटी पकडली. राहायला आंग मो किओलाच असून तिनं त्या इंडस्ट्रियल पार्कात कधी पाऊल टाकलं नव्हतं. गल्ल्या सारख्या, इमारती सारख्या, त्यात पाऊस. छत्री ऑफिसातच राहिली होती. शेवटी पोचली तेव्हा निहार मालवाहू लिफ्टपाशी नकाशांच्या गुंडाळ्या उतरवून घेत होता.

तिला पाहून त्याच्या हातातली गुंडाळी घरंगळली.

"तू... किती भिजलीयस!"

"ते राहू दे. जगात कुणी असं करतं? माणूस आधी मुलीला सांगतो, मग सुपरवायझरला!"

"सांगायला गेलो तर तुला बोट दिसली," तो खाली बघत म्हणाला. "आणि आयरीननी सरळ विचारलं. मला खोटं नाही बोलता येत."

"मला येतं," ऋता म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मी खोटं बोलले, निहार. मला भीती वाटली... तू जाशील म्हणून. आणि माझ्यामुळे तू खरंच गेलास. आज मी वेड्यासारखी डाग शोधतेय आणि सगळीकडे नुसते शब्द आहेत."

त्यानं खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिनं घेतला, पण तोंड पुसायचं भान तिला नव्हतं.

"सित्स्के आली," ती म्हणाली. "आता तू बाहेरचा आहेस, तुला सांगायला हरकत नाही. आली ती. पण डॉमिनी धक्क्यावर नव्हताच. दिवसभर ती एकटी पेटीवर बसून राहिली."

"आणि हा कुठे होता?"

"घरी, छप्पर शाकारत. बोट आल्याचं कळलं होतं त्याला. लिहिलंय, ती येईल असं मला वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं! अरे, पण विचारायचं तरी! एवढी पत्रं लिहिली, एकदा 'ये' म्हणायला काय झालं होतं?"

हे ती डॉमिनीवर ओरडत होती की निहारवर की स्वतःवर, तिचं तिलाच कळेना. लिफ्टमधला माणूस गाडा ढकलत दोघांच्या मधून गेला आणि जाताना मोठ्या कौतुकानं मागे वळून बघत राहिला.

"ऋता," निहार म्हणाला. चष्म्याआड त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्वच्छ होता. "मला तू आवडतेस. फार आवडतेस. ओळख नव्हती तेव्हापासून. माझ्याबरोबर राहशील का... कायमची?"

"हो," ऋता म्हणाली. "हो. आणि आता आयरीनला मी सांगणार, तू नाही."

तिनं ओला रुमाल त्याच्या हातात परत दिला, आणि रुमालाबरोबर आपला हातही तिथेच राहू दिला.